डब्यावरचे वॉट आणि गिऱ्हाईकाच्या हातातला फोन

गेल्या लग्नसराईत आमच्या पुतण्याला आलेल्या भेटवस्तूंत एक बिनतारी चार्जर निघाला. बशीएवढी काळी चकती, मागून निघालेली एक वायर, आणि डब्यावर ठळक अक्षरांत '१५ वॉट', 'फास्ट' व 'सर्व स्मार्टफोनसाठी'. नवरदेवाने हौसेने चकती उशाशी मांडली, फोन तिच्यावर ठेवला आणि निर्धास्त झोपला. सकाळी पाहतो तर फोन बंद. दुसऱ्या रात्री तेच झाले. तिसऱ्या दिवशी स्वारी डबा काखेत मारून आमच्याकडे हजर. "चाचा, हे खराब निघालं."

आम्ही ती चकती एका मित्राच्या फोनवर लावून पाहिली. ती ठणठणीत होती. खराब काहीच नव्हते. पुतण्याचा फोन तेरा हजारांचा, चांगला, टिकाऊ. परंतु त्याच्या पाठीत बिनतारी चार्जिंगची सोयच मुळात नाही. ज्या दुकानातून भेट आली होती तेथे तो आधीच जाऊन आला होता. (दुकानाचे नाव आम्ही देत नाही, कारण हे एका दुकानाचे दुखणे नाही.) गल्ल्यामागच्या पाटीकडे बोट दाखवून त्याला सांगण्यात आले की विकलेला माल परत घेतला जात नाही, आणि वर सल्ला मिळाला की फोन बदला.

नऊशे रुपयांचा चार्जर चालावा म्हणून पन्नास हजारांचा फोन घ्या, असे सांगणारा दुकानदार आम्ही प्रथमच पाहिला. तेव्हापासून आम्ही ओळखीच्या चार-पाच मोबाइल दुकानांत बसून हा माल कसा विकला जातो ते पाहत आलो आहोत. आमचे मत असे झाले आहे की वस्तू वाईट नाही, विकण्याची रीत वाईट आहे. गिऱ्हाईक विचारतो, "वायरलेस चार्जर आहे का?" आणि दुकानदार किंमत सांगतो. "फोन कोणता?" हा प्रश्न मध्ये येतच नाही. सगळी गफलत त्या न विचारलेल्या प्रश्नात आहे.

ही वस्तू चालते कशी, ते आधी समजून घेऊ. भिवंडी-मालेगावात ज्यांनी मोटार रिवाइंडिंग केले आहे किंवा ज्यांनी ट्रान्सफॉर्मर उघडून पाहिला आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. ट्रान्सफॉर्मरमध्ये तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात, ती एकमेकांना जोडलेली नसतात, तरी एकात उलटसुलट वाहणारा प्रवाह सोडला की दुसऱ्यात वीज उमटते. मायकेल फॅरेडेने १८३१ साली हे दाखवून दिले. बिनतारी चार्जर म्हणजे तोच ट्रान्सफॉर्मर, फक्त दोन तुकड्यांत वाटलेला: एक वेटोळे चकतीत, दुसरे फोनच्या पाठीत. चकतीतील प्रवाह सेकंदाला लाखाहून अधिक वेळा दिशा बदलतो आणि त्याने तयार झालेले चुंबकीय क्षेत्र पाठीतल्या वेटोळ्यात वीज निर्माण करते. दोहोंमध्ये अंतर फक्त काही मिलिमीटरचे चालते. तेव्हा 'वायरलेस' म्हणजे खोलीत कोठेही फोन ठेवा आणि चार्ज करा, असे नव्हे. भिंतीपासून चकतीपर्यंत तार आहेच. वाचतो तो फक्त फोनमध्ये पिन खुपसण्याचा त्रास.

आणखी एक गोष्ट विक्रेत्याने ध्यानात ठेवावी. चकती आंधळेपणाने वीज सोडत नाही. ती अधूनमधून एक हलकी हाक देते आणि उत्तराची वाट पाहते. फोनमध्ये वेटोळे व त्याचे सर्किट असेल तर तो उत्तर देतो, किती वीज हवी ते सांगतो आणि भरले की थांबायला सांगतो. उत्तर आले नाही तर चकती गप्प राहते. आमच्या पुतण्याच्या उशाशी ती दोन रात्री अशीच हाका मारीत बसली होती.

या हाकेची आणि उत्तराची भाषा सर्वांची एक असावी म्हणून २००८ साली वायरलेस पॉवर कॉन्सॉर्टियम ही कंपन्यांची संस्था स्थापन झाली. तिने ठरवलेल्या मानकाचे नाव 'ची'. डब्यावर ते इंग्रजी क्यू आणि आय या अक्षरांनी लिहितात, म्हणून आपल्याकडे दुकानात त्याला 'क्यूआय' म्हणतात. नाव मुळात चिनी आहे, अर्थ प्राणशक्ती किंवा ऊर्जा. २०१० साली आलेले पहिले मानक ५ वॉटचे होते. २०१२ साली नोकियाच्या लुमिया ९२० मध्ये ही सोय होती, पण तेव्हा तिच्याकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. २०१७ साली ॲपलने आयफोन ८ आणि १० मध्ये ती दिली आणि बाजाराने कान टवकारले. त्याच वेळी ॲपलने तीन उपकरणे एकदम चार्ज करणारी 'एअरपॉवर' नावाची चटई जाहीर केली होती. ती बनता बनेना, आणि मार्च २०१९ मध्ये कंपनीने हात टेकून ती रद्द केली. इतक्या मोठ्या कंपनीला जे जमले नाही ते 'थ्री इन वन' म्हणून सातशे रुपयांत सर्रास विकले जाते तेव्हा आम्हाला थोडी शंका येते. तीन उपकरणे ठराविक तीन जागी ठेवायची असतील तर ते अवघड नाही, हे खरे. चटईवर कोठेही ठेवा म्हटले की अडचण सुरू होते.

आता मुख्य मुद्दा, फोनचा. आपल्या वाचकांच्या खिशात जे फोन आहेत त्यातील बहुतेक दहा ते वीस हजारांच्या दरम्यानचे. त्या पट्ट्यात ही सोय जवळजवळ नाही. सॅमसंगच्या ए आणि एम मालिकेत ती नसते, रेडमी नोट मालिकेत नसते. सॅमसंगच्या एस मालिकेत मात्र २०१५ च्या एस ६ पासून ती आहे. आयफोनमध्ये ८ पासून पुढे सर्वांत आहे. वीस-बावीस हजारांच्या घरात २०२४ साली इन्फिनिक्सने नोट ४० प्रो हा फोन बिनतारी चार्जिंगसह आणला, तो अपवादच म्हणायचा. किमतीवरूनही खात्री धरता येत नाही. वनप्लसच्या १० प्रो मध्ये सोय होती, त्यानंतरच्या वनप्लस ११ मध्ये काढून टाकली, १२ मध्ये परत आणली. वनप्लस ११ ची पाठ काचेची आहे, फोन महागडा आहे, तरी तो चकतीवर ठेवून उपयोग नाही. "पाठ काचेची आहे ना, मग चालेल" असे सांगणारे विक्रेते आम्ही स्वतः ऐकले आहेत. धातूच्या पाठीतून ही वीज जात नाही म्हणून काच किंवा प्लास्टिक लागते, एवढेच खरे. काच आहे म्हणून आत वेटोळे आहे असे होत नाही. खात्रीचा मार्ग एकच: मॉडेलचे पूर्ण नाव विचारा आणि कंपनीच्या माहितीपत्रकात 'वायरलेस चार्जिंग' ही ओळ शोधा. या कामाला एक मिनिट लागते.

फोन चालणारा आहे असे धरू. मग येतो वॉटचा प्रश्न, आणि येथे डबा खोटे बोलत नसूनही गिऱ्हाईक फसतो. डब्यावर लिहिलेले १५ वॉट हे चकती जास्तीत जास्त किती देऊ शकते ते सांगतात. फोन किती घेणार, ते फोन ठरवतो. साध्या ची चकतीवर, डब्यावर १५ लिहिलेले असो की २०, आयफोन साडेसात वॉटच घेतो. आयफोनला १५ वॉट हवे असतील तर चुंबकाने चिकटणारी ॲपलची मॅगसेफ चकती हवी, जी २०२० साली आयफोन १२ बरोबर आली, किंवा ची २ मानकाची. ही ची २ म्हणजे मॅगसेफचीच चुंबकी रचना सर्वांसाठी खुली केलेली आवृत्ती. २०२३ च्या अखेरीस तिचा माल बाजारात आला, आणि २०२५ साली तिची २५ वॉटची आवृत्ती जाहीर झाली. त्यातही मेख आहे. २०२५ सालच्या आयफोन १६ ई मध्ये बिनतारी चार्जिंग आहे, पण मॅगसेफचे चुंबक नाहीत, तो साडेसातवरच राहतो. सॅमसंगच्या एस २५ मध्ये ची २ साठी चुंबक असलेले कव्हर वेगळे घ्यावे लागते. गुगलने २०२५ च्या पिक्सेल १० मध्ये चुंबक आतच बसवले. वनप्लसचे ५० वॉट तर फक्त वनप्लसच्याच स्टँडवर मिळतात. इतर चकतीवर तोच फोन सावकाश चालतो.

डब्यावर 'मॅग्नेटिक' लिहिले म्हणजे ते ची २ झाले, असेही नाही. कोणीही चकतीत चार चुंबक बसवू शकतो. फोन चिकटतो, टक्कन आवाज येतो, गिऱ्हाईक खूष होतो, आणि वीज मिळते साडेसात वॉट. 'ची कम्पॅटिबल' आणि 'ची सर्टिफाइड' या दोन शब्दांत तर जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला शब्द कारखानदार आपल्या मनाने छापतो, दुसऱ्यासाठी तपासणी व्हावी लागते. तपासणी झालेल्या मालाची यादी वायरलेस पॉवर कॉन्सॉर्टियमने सर्वांना पाहण्यासाठी खुली ठेवली आहे. घाऊक खरेदी करणाऱ्याने मनीष मार्केटमध्ये किंवा लॅमिंग्टन रोडवर शंभर नग उचलण्यापूर्वी मोबाइलवर ती यादी पाहिली तर काय बिघडेल?

चकती आणि फोन दोन्ही चांगले, तरी चार्जिंग मंद, ही तक्रार दुकानांत सर्वांत जास्त ऐकू येते. दहापैकी बहुतेक वेळा दोष अडॅप्टरचा असतो. चकतीसोबत अडॅप्टर सहसा येत नाही, आणि ॲपलने तर ऑक्टोबर २०२० पासून फोनच्या डब्यातूनही तो काढला. मग घरातला जुना अडॅप्टर लावला जातो. त्याच्यावर बारीक अक्षरांत आउटपुट लिहिलेले असते: ५ व्होल्ट, १ अँपियर. या दोहोंचा गुणाकार म्हणजे ५ वॉट. ज्या विहिरीत पाच बादल्या पाणी आहे तिच्यातून पंधरा कशा निघणार? १५ वॉटच्या चकतीला ९ व्होल्ट आणि २ अँपियरच्या पुढचा, म्हणजे १८ ते २० वॉटचा अडॅप्टर लागतो, कारण वाटेत गळती होते. २५ वॉटच्या चकतीला ३० वॉट किंवा त्याहून मोठा. लॅपटॉपच्या खाचेला चकती जोडून भागत नाही. विकताना हा गुणाकार गिऱ्हाईकासमोर करून दाखवावा, त्याला तो आयुष्यभर उपयोगी पडेल. अडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोचा 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे की नाही तेही पाहावे. ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर तो क्रमांक घालून खरा-खोटा ताडून पाहता येतो.

वर गळती म्हटले, तिचा हिशेब मांडतो, कारण याबाबत दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती चालते. ५,००० एमएएच बॅटरीत सुमारे १९ वॉट-तास ऊर्जा मावते. तारेने भरताना भिंतीतून साधारण २४ वॉट-तास खर्च होतात असे धरा. बिनतारी चकतीने भरताना ३५ च्या आसपास. रोजचा फरक १० ते ११ वॉट-तास. वर्षभर रोज पूर्ण चार्ज केले तरी चार युनिट जास्त. विजेच्या बिलात चाळीस-पन्नास रुपये वाढतील, त्याची चिंता करण्याचे कारण नाही. चिंता आहे ती वाया गेलेली ऊर्जा जाते कोठे याची. ती उष्णता होते, आणि ती उष्णता फोनच्या पाठीला, बॅटरीला लागून असते. लिथियमच्या बॅटरीला उष्णता मानवत नाही. ती रोज तापत राहिली तर तिचे आयुष्य घटते, आणि चांगल्या फोनची बॅटरी बदलायला गेले की काही हजारांचा खड्डा पडतो.

आपल्या मुलखात हा मुद्दा पुस्तकी नाही. ॲपल आपला फोन शून्य ते ३५ अंशांच्या हवेत वापरा म्हणून सांगते. मे महिन्यात अकोला, नागपूर, चंद्रपूर, जळगावात पारा ४३-४५ च्या घरात असतो आणि दुपारी पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. अशा जागी फोन चकतीवर ठेवला की तो तापतो, आपणहून चार्जिंग मंद करतो किंवा ८० टक्क्यांवर अडून बसतो. गिऱ्हाईक म्हणतो चार्जर बिघडला. बिघडलेला नसतो, फोन स्वतःचा जीव वाचवत असतो. उन्हाळ्याच्या दुपारी तार वापरावी, चकती रात्री पंख्याखाली ठेवावी. उशीखाली किंवा गादीवर ती ठेवू नये. टेबल, फळी, खिडकीचा सावलीतला कट्टा बरा. सॅमसंगच्या फोनमध्ये बॅटरीच्या सेटिंगमध्ये 'फास्ट वायरलेस चार्जिंग' बंद करण्याची सोय आहे. रात्रभर फोन चकतीवरच राहणार असेल तर घाई कशाला? ती बंद केली की फोन कमी तापतो.

फोन नेमका मध्यभागी ठेवणे हे निम्मे काम. दोन्ही वेटोळी एकमेकांवर बसली नाहीत तर वीज कमी आणि उष्णता जास्त. म्हणूनच चुंबकाची युक्ती आली. तिचे खरे काम चिकटवणे नसून जागा अचूक जुळवणे आहे. साध्या चकतीवर फोन ठेवल्यावर पडद्यावर चार्जिंगची खूण उमटली का ते पाहूनच हात काढावा. मेसेज आला, फोन थरथरला आणि सरकला, असे रात्री अनेकदा होते आणि सकाळी पुन्हा चार्जर खराब ठरतो. साधे रबरी किंवा प्लास्टिकचे कव्हर चालते. चामड्याचे जाड पाकिटासारखे कव्हर, पाठीवर चिकटवलेली धातूची पट्टी, बोटात अडकवायची कडी, हे सर्व काढावे लागते. पाकीटवजा कव्हरमध्ये एटीएम कार्ड ठेवण्याची आपल्याकडे फार सवय आहे. कार्ड फोन आणि चकतीच्या मध्ये आले तर त्याची चुंबकी पट्टी किंवा आतली चिप बिघडू शकते. कंपन्या तसा इशारा देतात, पण इतक्या बारीक अक्षरांत की वाचणार कोण? नाणे, किल्ली, सेफ्टी पिन चकतीवर राहू देऊ नये. तपासणी झालेली चकती मध्ये धातू आला तर ओळखून थांबते, स्वस्तातली थांबेलच असे नाही, आणि मग नाणे चटका बसेल इतके तापते. लहान मुले असलेल्या घरात हे आवर्जून सांगावे.

इतके वाचून कोणाला वाटेल की आम्ही या वस्तूच्या विरोधात आहोत. तसे नाही. काही जणांना तिचा उपयोग खरोखर मोठा आहे, आणि गंमत म्हणजे दुकानदार त्यांनाच ती दाखवत नाहीत. रत्नागिरी, महाड, चिपळूणच्या पावसात फोनच्या खाचेत ओल शिरते, पडद्यावर ओलाव्याचा इशारा येतो आणि तारेचे चार्जिंग बंद होते. सॅमसंग आणि ॲपल दोघेही सांगतात की अशा वेळी पाठ कोरडी पुसून बिनतारी चार्जिंग करता येते. पुरात, वादळात अडकलेल्या माणसाला ही केवढी सोय आहे, विचार करा. ज्याच्या महागड्या फोनची खाच सैल झाली आहे आणि दुरुस्तीला सवड नाही, त्याला चकती महिनोन्‌महिने तारून नेते. हात थरथरणारे, नजर अधू झालेले वडीलधारे लोक खाच शोधून पिन घालू शकत नाहीत, उलटी घालून ती मोडतात. मुलाने परदेशातून धाडलेला चांगला फोन घरात आहे आणि आजीला चार्ज करता येत नाही, असे कोकणातल्या कित्येक घरांत आहे. तेथे चकती हवी, आणि फोन स्टँडवर उभा राहील अशी हवी, म्हणजे व्हिडिओ कॉलही होईल.

याउलट रिक्षा-टॅक्सीवाल्यांना काचेवर लावायचा बिनतारी होल्डर विकला जातो तेव्हा आम्हाला वाईट वाटते. नकाशा चालू, पडदा पूर्ण उजेडात, वरून काचेतले ऊन, आणि पाठीतून ही उष्णता. दुपारपर्यंत फोन गरम होऊन चार्जिंग सोडून देतो, ऐन भाड्याच्या वेळी. त्याला साधा मजबूत होल्डर आणि चांगली तार द्यावी. बिनतारी पॉवर बँकेचेही तेच. १०,००० एमएएचच्या बँकेतून तारेने फोन दीड वेळा भरत असेल तर बिनतारी जेमतेम एकदा. आणि ज्या फोनमध्ये सोय नाही त्याच्या खाचेत खोचून पाठीवर चिकटवायची पातळ पट्टी मिळते, ती तर आम्ही कोणालाच सुचवणार नाही. खाच कायमची अडते, चार्जिंग गोगलगाईच्या गतीने होते, आणि कव्हराखाली उष्णता कोंडते. पुतण्याला दुकानदाराने फोन बदला म्हटले, ही पट्टी गळ्यात मारली नाही, एवढे मात्र त्याच्या पदरी टाकायला हवे.

आम्ही हे बोलू लागलो की दुकानदार बांधवांचे उत्तर ठरलेले असते. "साहेब, एका नगामागे सुटतात किती? त्यात मॉडेल विचारा, यादी पाहा, गुणाकार शिकवा. आणि आम्ही नाही म्हटले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाऊन घेणारच." यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. दिवाळी किंवा ईदच्या तोंडावर काउंटरवर पाच माणसे उभी असताना मिनिटभरही फार असतो. परंतु याच दुकानदारांची दुसरी तक्रार आठवा: ऑनलाइन कंपन्यांनी धंदा खाल्ला. ऑनलाइन कंपनी तीच चकती तुमच्याहून शंभर रुपये कमीत देणार, घरपोच देणार, आणि वर आठवडाभरात परतही घेणार. तिच्याशी भावात टक्कर देणे छोट्या दुकानदाराला शक्य नाही. तिच्यापाशी नसलेली एकच गोष्ट तुमच्यापाशी आहे, ती म्हणजे गिऱ्हाईकाचा फोन हातात घेऊन पाहण्याची संधी. ती वापरायचीच नसेल तर गिऱ्हाईकाने पायऱ्या चढून तुमच्याकडे का यावे?

कायद्याचेही दोन शब्द. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. बिल न देणे आणि सदोष माल परत घेण्यास नकार देणे यांना त्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हटले आहे. गल्ल्यामागच्या पाटीने हा कायदा रद्द होत नाही. आमच्या पुतण्याच्या बाबतीत माल सदोष नव्हता, म्हणून तो मुद्दा लागू पडत नाही, असे कोणी म्हणेल. पण 'सर्व स्मार्टफोनसाठी' हे डब्यावरचे वाक्य धडधडीत खोटे होते, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचाही त्याच कायद्यात समाचार घेतलेला आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. बाहेरून आलेल्या मालाच्या डब्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष आणि कमाल किंमत छापलेली असणे बंधनकारक आहे. ज्या डब्यावर हे काहीच नाही तो माल घाऊक बाजारात कितीही स्वस्त मिळो, तक्रार आली की उत्तर देणारा तुमच्याशिवाय कोणी नसतो.

आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराने आमच्या सांगण्यावरून काउंटरवर एक कागद चिकटवला आहे. त्यावर ज्या फोनना बिनतारी चार्जर चालतो त्यांची नावे हाताने लिहिली आहेत, आणि खाली: 'तुमचा फोन यात नसेल तर घेण्यापूर्वी विचारा.' या यादीत नसलेली माणसे चार्जर न घेता जातात हे तो कबूल करतो. त्यातली बरीचशी जाताना चांगली तार किंवा अडॅप्टर घेऊन जातात, आणि परत आलेल्या डब्यांवरून होणारी रोजची हुज्जत थांबली, असेही सांगतो. भेट म्हणून न्यायचे असेल तर तो आता उलट विचारतो, "ज्यांना द्यायचे त्यांचा फोन ठाऊक आहे का?" ठाऊक नसेल तर दुसरे काहीतरी दाखवतो.

पुतण्याला आम्ही त्याच्याकडूनच २५ वॉटचा अडॅप्टर आणि एक जाड विणलेली तार घेऊन दिली. ती काळी चकती आमच्याच टेबलावर राहिली. आमच्याही फोनला ती चालत नाही. कन्येच्या कानात घालायच्या इयरबडची डबी मात्र तिच्यावर ठेवली की दिवा लागतो, तेवढ्यासाठी ती भिंतीला जोडून ठेवली आहे.